शेवंतीचा हिवाळा: मिनेसोटातील वाफ्याच्या नोंदी, 2023–24

16 सप्टेंबर 2023

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराच्या पूर्वेकडील उपनगरात आमची परसबाग आहे. तेथील शेवंती जमिनीतच ठेवून हिवाळा पार करू शकते का, आणि करत असेल तर आपल्या कोणत्या कामामुळे करते, हे एका हंगामापुरते तारीखवार नोंदवण्यासाठी ही वही सुरू केली आहे. येथील शेजारी शेवंती गेली की थंडीला दोष देतात. महाराष्ट्रातला शेवंतीचा शेतकरी मात्र थंडीला नव्हे, साचलेल्या पाण्याला भितो. पावसाळ्यात निचरा चुकला तर वाण रेवडी असो वा झिप्री, मुळे कुजून वाफा बसतो. मिनेसोटातही खरा शत्रू पाणीच असावे आणि थंडी केवळ त्याच्या हातातले हत्यार असावी, असा माझा तर्क आहे. यंदा तो तपासायचा आहे.

आजची स्थिती अशी. दक्षिणेकडील गादीवाफ्यात ‘क्लारा कर्टिस’चे जुने, पसरलेले झुडूप आहे, त्याला गुलाबी, एकेरी पाकळ्यांची फुले आतापासूनच आली आहेत. त्याच्या शेजारी ‘शेफील्ड पिंक’ आहे, जिच्या कळ्या अजून हिरव्या आहेत. याच वाफ्यात मे महिन्यात ‘मॅमथ’ मालिकेतील रोपे लावली होती. ही मालिका मिनेसोटा विद्यापीठाच्या शेवंती सुधार कार्यक्रमातून आलेली आहे. तो कार्यक्रम 1930च्या दशकापासून चालू आहे आणि येथील हिवाळ्यात टिकणारे वाण निवडणे हेच त्याचे मुख्य काम राहिले आहे. दुसरी जागा म्हणजे घराच्या उत्तर कोपऱ्यातील सपाट पट्टी. तिची माती चिकण आहे आणि छताच्या पन्हळाची नळी तिच्याजवळच उघडते. तेथेही ‘मॅमथ’ची तशीच रोपे त्याच वेळी मुद्दाम लावली होती.

23 सप्टेंबर 2023

किराणा दुकानांच्या दारात फुलांनी गच्च भरलेल्या कुंड्यांच्या रांगा लागल्या आहेत. त्यांतील काही कुंड्या घेतल्या. काही रोपे गादीवाफ्यात लावली आणि उरलेली कुंडीतच ठेवली.

या रोपांविषयीची शंका आधीच लिहून ठेवतो. शेवंती ही आखूड दिवसांची वनस्पती आहे. रात्री पुरेशा लांब झाल्या की तिच्यात कळ्या धरतात. सप्टेंबरमध्ये बहरलेले रोप आपले सगळे बळ फुलांना देत असते आणि नव्या मातीत मुळे पसरवण्यासाठी त्याच्याकडे वेळही नसतो, अन्नही नसते. त्याची मुळे कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली असतात. लावताना मी त्या गोळ्याच्या बाजूंना सुरीने उभ्या चिरा दिल्या आणि निम्मी फुले खुडून टाकली. घरच्यांना हे अजिबात आवडले नाही.

उन्हाळ्यापासून अवर्षण चालू असल्याने दोन्ही जागांना खोलवर पाणी देत आहे. नत्रयुक्त खत जुलैनंतर दिलेले नाही. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि पहिल्या कडाक्यात तीच आधी जाते.

24 ऑक्टोबर 2023

आज दसरा. तोरणासाठी झेंडू बाहेरून आणावा लागला, शेवंती मात्र घरची मिळाली. ‘शेफील्ड पिंक’ आता कुठे उमलली आहे. तिचा जर्दाळूच्या जवळ जाणारा फिकट गुलाबी रंग झेंडूशेजारी चांगला दिसतो. ‘क्लारा कर्टिस’चा बहर ओसरला आहे. येथे वाण निवडताना त्याच्या फुलण्याच्या तारखेचा विचार करावाच लागतो. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पहिले गोठण येते आणि उशिरा फुलणारे वाण कळ्यांतच सापडतात. यंदा ऑक्टोबर उबदार राहिला म्हणून ‘शेफील्ड’ वाचली. दिवाळीपर्यंत बागेत काही उरेल, अशी अपेक्षा कोणत्याही वाणाकडून ठेवण्यात अर्थ नाही.

1 नोव्हेंबर 2023

काल बर्फाचा पहिला पातळ थर पडला आणि पारा शून्याच्या बराच खाली गेला. फुले आणि वरची पाने काळवंडली. आता कापणीचा प्रश्न आला. शरद ऋतूत बाग आवरणे म्हणजे सर्व वाळलेली खोडे जमिनीलगत छाटणे, अशी येथील बऱ्याच घरांची रीत आहे. शेवंतीच्या बाबतीत मिनेसोटा आणि आयोवा येथील विद्यापीठांचे विस्तार विभाग याच्या उलट सल्ला देतात: खोडे उभी ठेवावीत. उभ्या खोडांमध्ये वाळलेली पाने आणि पुढे बर्फ अडकून राहतो आणि बुंध्यावर आपोआप पांघरूण तयार होते. याची परीक्षा म्हणून गादीवाफ्यातील निम्मी ‘मॅमथ’ रोपे तीन इंचांवर छाटली आणि बाकीची तशीच ठेवली.

उभ्या ठेवलेल्या खोडांची खालची, काळपट चट्टे पडलेली पाने मात्र वेचून कचऱ्यात टाकली, खताच्या ढिगात नाही. शेवंतीच्या पानांत राहणारे सूत्रकृमी वाळलेल्या पानांतून हिवाळा काढतात आणि वसंतात ओल्या खोडावरून वर चढतात. खोड उभे ठेवावे, पण रोगट पान ठेवू नये, एवढे तारतम्य विस्तार विभागांच्या त्या सल्ल्याला जोडून घ्यायला हवे.

बुंध्याजवळची माती बोटाने उकरून पाहिली. ‘क्लारा कर्टिस’च्या भोवती जमिनीखालून निघालेल्या, टोकाशी पानांचा लहान गुच्छ धरलेल्या भरपूर काशा आहेत. ‘मॅमथ’लाही बऱ्या आहेत. दुकानातील रोपांच्या बुडाशी एकही काशी सापडली नाही. वरचे खोड हिवाळ्यात मरणारच आहे; पुढच्या वर्षीचे झाड या काशांतूनच येते. त्यामुळे टिकाऊपणाबाबत कुंडीवरच्या चिठ्ठीपेक्षा या तपासणीवर माझा अधिक विश्वास आहे.

18 नोव्हेंबर 2023

अमेरिकी कृषी खात्याने याच आठवड्यात लागवड विभागांचा नवा नकाशा प्रसिद्ध केला. 2012च्या नकाशाला 1976 ते 2005 या काळातील नोंदींचा आधार होता, नव्या नकाशाला 1991 ते 2020 या काळातील नोंदींचा आहे. ट्विन सिटीजचा बराच भाग 4ब मधून 5अ मध्ये गेला आहे. वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे सरासरी तापमान पूर्वी उणे 31.7 ते उणे 28.9 अंश सेल्सियस या पट्ट्यात धरले जाई, आता ते उणे 28.9 ते उणे 26.1 या पट्ट्यात धरले आहे.

परिचितांच्या गप्पांत याचा अर्थ ‘आता अधिक नाजूक झाडे लावता येतील’ असा घेतला जात आहे. मला तो उतावीळ वाटतो. हा आकडा हवेच्या तापमानाचा आहे. त्या रात्री जमिनीवर बर्फाचा थर होता की नाही, माती ओली होती की कोरडी, आणि त्या रात्रीच्या आधी आठवडाभर उन्हाळ्यासारखी हवा होती का, यांतले काहीही तो सांगत नाही. शेवंतीचा जीव हवेत नसून जमिनीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असतो. भुसभुशीत बर्फात भरपूर हवा कोंडलेली असते. त्याचा जाड थर असेल तर वर उणे 25 असतानाही खालची माती शून्याच्या थोडीच खाली राहते. हिवाळे उबदार होत असतील आणि त्यांच्यासोबत बर्फही कमी होत असेल, तर विभाग सौम्य ठरूनही शेवंतीसाठी तो अधिक कठीण होऊ शकतो.

कुंडीतील रोपे आज बिनतापवलेल्या गॅरेजमध्ये, घराच्या भिंतीला लागून ठेवली. तेथे हिवाळ्यात साधारण शून्य ते पाच अंश राहतात. खोडे वीतभर ठेवून छाटली आहेत. प्रकाशाची गरज नाही; माती धुळीसारखी कोरडी पडू नये एवढ्यापुरते पाणी अधूनमधून द्यायचे आहे.

9 डिसेंबर 2023

आच्छादन अजून घातलेले नाही. पेंढ्याच्या गाठी गॅरेजच्या दाराशी पडून आहेत आणि त्यावरून घरात रोज विचारणा होते.

येथील सर्वसाधारण वहिवाट नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास झाकण्याची आहे, परंतु कॅलेंडर पाहून हे काम करणे योग्य नाही. आच्छादनाचा हेतू मातीला ऊब देण्याचा नसतो. गोठलेली माती गोठलेलीच ठेवण्याचा असतो. मऊ मातीवर पेंढा घातला तर बुंधा ओला आणि उबदार राहतो, काशा सुस्त होण्याऐवजी वाढत राहतात, आणि शेतउंदरासारखे येथील व्होल त्या गादीत घर करून हिवाळाभर बुंधे कुरतडतात. जमीन कडक झाल्यावर झाकले तर व्होल तोपर्यंत दुसरीकडे बिऱ्हाड करून बसलेले असतात. आज थर्मामीटरची सळई दोन इंचांवर शून्याच्या थोडी वर होती. माती दुपारी सहज उकरता येते. थांबणेच इष्ट.

26 डिसेंबर 2023

काल नाताळ होता आणि दिवसभर बर्फाऐवजी पाऊस पडला. डिसेंबरच्या शेवटी मिनेसोटात असा पाऊस पाहून येथे जन्म काढलेले शेजारीही चकित झाले आहेत.

आजच्या पाहणीत दोन जागांतला फरक नजरेला स्पष्ट दिसला. गादीवाफ्यातील पाणी उतरून गेले आहे. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण पाणी सुटत नाही. उत्तरेच्या पट्टीत पन्हळाचे पाणी बुंध्यांभोवती साचलेले आहे. आता थंडी पडेल तेव्हा हे पाणी तेथेच गोठेल. ओल्या बारीक मातीत बर्फाचे आडवे थर तयार होतात, खालचे पाणी ओढून ते फुगतात आणि रोपाचा बुंधा मुळांसकट वर उचलतात. माती वितळते तेव्हा ती खाली बसते, पण रोप तितके खाली येत नाही. असे वारंवार झाले की मुळे तुटतात आणि बुंधा उघड्या वाऱ्यात येतो. ताज्या लावलेल्या रोपाला हा धोका सर्वांत जास्त, कारण त्याची मुळे आजूबाजूच्या मातीत रुतलेली नसतात.

उत्तरेची पट्टी तुलनेसाठी आहे म्हणून नळी हलवलेली नाही.

8 जानेवारी 2024

वरची माती अखेर गोठली. सळई खुपसताना हातोडी लागली. दोन्ही जागी सहा इंच सैल पेंढा घातला आणि तो उडू नये म्हणून वर स्प्रूसच्या फांद्या आडव्या टाकल्या. नाताळ झाल्यावर रस्त्याच्या कडेला टाकलेली झाडे भरपूर मिळतात. त्यांच्या फांद्या हे शेवंतीसाठी उत्तम आच्छादन आहे, कारण त्या दबत नाहीत आणि त्यांतून हवा खेळत राहते. मेपलची पाने मुद्दाम वापरली नाहीत. ती ओली झाली की एकमेकांना चिकटून चामड्यासारखा थर होतो आणि त्याखाली बुंधा गुदमरून सडतो. दुकानातील रोपांपैकी एक तुलनेसाठी उघडे ठेवले.

16 जानेवारी 2024

हिवाळ्यातील पहिला खरा कडाका. रात्री हवा उणे 20 अंशांच्या आसपास आणि जमिनीवर बर्फ नावालाच. पेंढ्याखाली दोन इंचांवर थर्मामीटर उणे 5 दाखवतो, उघड्या मातीत उणे 11. बर्फ करतो ते काम यंदा पेंढ्याला करावे लागत आहे, आणि तो ते निम्म्याहून बरे करतो आहे.

येथील घरांचे पाये गोठणाऱ्या मातीच्या खाली जावेत म्हणून राज्याच्या दक्षिण भागात बांधकामाचा नियम 42 इंच खोली मागतो, उत्तरेत 60 इंच. एवढ्या खोलवर जाणारी थंडी सहा इंच पेंढ्याने थांबणार नाही, हे उघड आहे. ती हळू आत यावी आणि हळू बाहेर जावी, एवढेच त्याच्याकडून हवे आहे.

28 फेब्रुवारी 2024

जानेवारीच्या शेवटापासून विक्रमी ऊब होती. महिन्याच्या मध्यात एकदा चांगला बर्फ पडला, पण तो टिकला नाही. परवा बाहेर हलका सदरा पुरत होता. काल दुपारनंतर वारा फिरला आणि आज सकाळी पारा उणे दोन आकड्यांत आहे. एका दिवसात सुमारे 30 अंशांची घसरण झाली.

शेवंतीला मारणारी गोष्ट हीच, असे मला वाटते. शरद ऋतूत हळूहळू थंडी वाढते तेव्हा काशांमधील पेशी स्वतःला तयार करतात: त्यांतील पाणी कमी होते, शर्करा वाढतात, आणि त्यांची सहनशक्ती जानेवारीत सर्वाधिक असते. उबेत राहिल्यास ही तयारी उतरते, आणि उतरायला काही दिवस पुरतात. पुन्हा चढायला कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून जानेवारीत पचलेले उणे 10 मार्चमध्ये पचेलच असे नाही. पेंढ्याखाली आजही माती गोठलेली आणि सावलीत आहे; परवाच्या उन्हाची बातमी तेथे पोहोचलेलीच नाही. उघड्या ठेवलेल्या रोपाची माती परवा वर चिखल झाली होती, आज दगड आहे, आणि त्याचा मुळांचा गोळा आजूबाजूच्या पातळीहून बोटभर वर आला आहे.

4 मार्च 2024

काल 70 फॅरनहाइटच्या पुढे, म्हणजे 21 सेल्सियसहून अधिक तापमान होते. आच्छादन काढलेले नाही, काढणारही नाही.

27 मार्च 2024

गेल्या काही दिवसांत बर्फ आणि मागोमाग पाऊस झाला; सबंध हिवाळ्यात जवळजवळ न दिसलेला बर्फ वसंत सुरू झाल्यावर आला. झाकलेल्या वाफ्याला त्याचा उपयोगच झाला.

13 एप्रिल 2024

स्प्रूसच्या फांद्या काढल्या आणि पेंढ्याचा वरचा निम्मा थर उचलला. उरलेला दोन आठवड्यांनी काढायचा आहे, कारण पिवळट, कोवळ्या काशांना एकदम ऊन आणि रात्रीचे गोठण दोन्ही सोसत नाही. ‘क्लारा कर्टिस’च्या काशा पेंढ्यातून वर आल्या आहेत. मध्यभागी मात्र ती मेली आहे आणि जिवंत भाग कड्यासारखा बाहेर सरकला आहे. यंदा तिची विभागणी अटळ आहे.

4 मे 2024

सर्व आच्छादन निघाले असून वाळलेली खोडे आज छाटली. मेलेले वाटणारे बुंधे मेच्या मध्यापर्यंत उपटू नयेत, हा येथील जुना नियम पाळतो आहे, कारण काही वाणांच्या काशा फार उशिरा डोके वर काढतात. परंतु एकंदर चित्र समजले आहे.

गादीवाफ्यातील ‘मॅमथ’ सगळी जगली: छाटलेलीही आणि उभी ठेवलेलीही. उभ्या ठेवलेल्यांना काशा किंचित जास्त आहेत, पण हा फरक दाखवायला मोजपट्टी लागेल. बर्फच टिकला नाही तर खोडांनी अडवायचे तरी काय, असा याचा अर्थ असावा. भरपूर बर्फाच्या वर्षी निकाल वेगळा येऊ शकेल. उत्तरेच्या पट्टीत तेच वाण, तेच वय, तोच पेंढा असताना फक्त नळीपासून सर्वांत लांब असलेले रोप जगले आहे. उरलेल्यांचे बुंधे हाताला मऊ आणि तपकिरी लागले. उपटल्यावर त्यांना कुजक्या भाजीचा वास होता.  ही रोपे बुडून मेली असावीत.

‘शेफील्ड पिंक’ उत्तम आहे. दुकानातील रोपांपैकी झाकलेले एकच रोप एका बाजूने फुटले आहे, तेही अशक्त. उघडे ठेवलेले गेले. गॅरेजमधील कुंड्यांपैकी बहुतेक जिवंत आहेत. म्हणजे त्या रोपांचा वाण फार नाजूक नव्हता. सप्टेंबरमध्ये लावल्यामुळे त्यांना मुळे धरायला अवधीच मिळाला नाही. गॅरेजमधील रोपे आता जमिनीत जातील आणि त्यांना पूर्ण उन्हाळा मिळेल. हिवाळ्याची तयारी मे महिन्यात सुरू होते, हे शेजाऱ्यांना सांगितले की ते हसतात, पण शेवंतीच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे.

11 मे 2024

‘क्लारा कर्टिस’ पूर्ण उपटून काढली. मधला लाकडासारखा गड्डा टाकून दिला आणि कडेच्या, मुळे असलेल्या काशा वेगळ्या करून दीड फूट अंतराने लावल्या. महाराष्ट्रात शेवंतीची लागवड काशांपासूनच केली जाते, त्यामुळे हे काम करताना पुस्तक उघडावे लागले नाही. काही काशा परिचितांना दिल्या. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो गेला.

सशांनी ‘शेफील्ड’ची एक बाजू खाऊन सपाट केली आहे. जाळीचे कुंपण घातले.

4 जुलै 2024

शेंडे खुडण्याचे काम आज संपवले. रोपे सहा इंच झाल्यापासून प्रत्येक फांदीचा शेंडा वरचेवर खुडत आलो. त्याने फुटवे वाढतात आणि झुडूप बुटके, दाट राहते. चार जुलै ही येथील सर्वांच्या तोंडी असलेली शेवटची तारीख आहे, पण ‘शेफील्ड’ आधीच उशिरा फुलते म्हणून तिचे खुडणे जूनच्या मध्यालाच थांबवले होते. ‘मॅमथ’ला खुडावे लागत नाही, ती स्वतःच उशीसारखा घुमट धरते.

यंदाचा वसंत आणि जून फार ओले गेले, अवर्षण संपले, आणि उत्तरेच्या पट्टीत अजूनही पाय रुततो. तेथे पुन्हा शेवंती लावणार नाही. ओल सोसणारी स्थानिक आयरिस लावेन. पन्हळाच्या नळीला दहा फुटांचा जोड देऊन पाणी हिरवळीकडे वळवायचे आहे. गादीवाफा सहा इंचांनी आणखी उंच करण्यासाठी माती आणि कंपोस्ट मागवले आहे, आणि ते सप्टेंबरपूर्वी पडायला हवे, कारण त्यानंतर शेवंतीची मुळे हलवायची नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पेंढ्याखाली आणि उघड्या मातीत असे दोन थर्मामीटर कायम पुरून ठेवणार आहे. एकच सळई दोन जागी खुपसताना गोठलेली माती दरवेळी फोडावी लागते आणि त्याने मोजमापच बिघडते.